डोंगराचा आवाज कशासारखा

चिल्कापांबा, ३ जुलै

दादा,

अकरा वर्षांनी लिहितो आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत टाकशील अशी धास्ती आहे. फोडलंस तर कामाची गोष्ट आधी वाचली जावी म्हणून ती लगेच लिहितो. तुझी लिडा इथे आहे. वरच्या घळीकाठी तुझ्या घरात राहते, आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन. दोघी सुखरूप आहेत. पण तिनं खाली यायला हवं आणि ती माझं ऐकत नाही.

तू तिला फोन कर. झोइलाबाईच्या दुकानातला फोन अजून चालू आहे, नंबर तोच. रविवारी प्रार्थना झाली की लिडा मीठ-साखर न्यायला येते, साधारण दहाच्या सुमाराला. तू बाप आहेस. बापाचा शब्द ती मोडणार नाही असं मला वाटतं.

घाबरण्यासारखं काही नाही. याना उर्कु, आपली डोंगरम्हातारी, नेहमीसारखीच आहे. कधी धुराचा झुपका, कधी सकाळी कोबीच्या पानांवर बोटभर राख. पण तुझं घर सगळ्यांत वरचं. डोंगराचं तोंड आणि तुझं दार यांच्यामध्ये घळीशिवाय काही नाही, हे तुला सांगायला नको.

ती मार्चमध्ये आली. दुधाच्या गाडीतून उतरली तेव्हा पाठीवर मूल होतं आणि हातात एकच पिशवी. माचालातलं तुझं घर का सोडलं ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. घराचे दोन पत्रे उडाले होते ते मी बसवून दिले. तिनं स्वयंपाकघरात गिनीपिग पाळले आहेत, मागं बटाटा लावला आहे. वहिनीसारखीच कामाला वाघ आहे.

माता मारिया तुला सांभाळो.

धाकटा,
ओल्मेदो


चिल्कापांबा, १२ जुलै

दादा,

रविवारी दहापासून दुपारपर्यंत दुकानाच्या बाकावर बसून होतो. फोन वाजला नाही. पत्र पोचायला बसवाले आठ-दहा दिवस लावतात, म्हणून मनाशी म्हटलं अजून पोचलं नसेल.

तिथं बसलो की काय ऐकावं लागतं ते तुला माहीत नाही. रिगोबेर्तो खेचराला बांधता बांधता म्हणाला, "काय पातेलेबुवा, आज काय शिजतंय वर?"

"बटाटे," मी म्हणालो.

"मग झाकण नीट ठेवा हो. मागच्या वेळी तुमचं झाकण उडालं आणि आम्ही चार महिने शाळेच्या फरशीवर झोपलो."

झोइलाबाई आतून ओरडली, "गप रे मेल्या! त्याच्याकडे वॉकीटॉकी तरी आहे. तुझ्याकडे काय आहे, ढेरी?"

लिडा आली. मी म्हटलं, माझी मागची खोली रिकामी आहे, चूल आहे, पाणी आहे, मुलीला घेऊन ये. ती म्हणाली, "तुमच्याकडे राहिले तर सगळ्यांना कळेल मी कुठे आहे." सगळ्यांना म्हणजे कुणाला, असं विचारलं तर साखर पिशवीत टाकायला लागली. मग आणखी एक वाक्य बोलली. ते आत्ता लिहीत नाही.

पातेल्याची गोष्ट मात्र लिहितो. तुझ्याकडे ती एकाच बाजूनं आहे. माझी बाजू ऐकायला तू कधी थांबला नाहीस आणि मीही मागं धावलो नाही.

डोंगराभोवती आम्ही अकरा पहारेकरी. संध्याकाळी पाचला डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातून वॉकीटॉकीवर एकेकाचं नाव पुकारतात आणि दिवसभरात जे पाहिलं, जे ऐकलं ते आपण सांगायचं. डोंगर बहुतेक दिवस ढगात असतो, त्यामुळे आमचं काम जास्त करून कानाचंच. आवाज म्हणजे काही वजनकाट्यावर घालता येणारी वस्तू नव्हे. तो कशासारखा, एवढंच सांगता येतं. तोफेसारखा, चढावर दम लागलेल्या लॉरीसारखा, पुरात धोंडे लोळल्यासारखा, गाय हंबरल्यासारखी आरोळी. केंद्रातले लोक ते लिहून घेतात आणि यंत्राच्या रेघांशी ताडून बघतात.

त्या वर्षी ऑक्टोबरात मला आत काहीतरी खदखदताना ऐकू आलं. मी म्हणालो, आत मोठं पातेलं उकळतंय आणि झाकण उडायला आलंय. गावानं ऐकलं. झोइलाबाईच्या दुकानातला वॉकीटॉकीचा संच तेव्हाही मोठ्या आवाजात असायचा. केंद्राचा निरोप यायच्या आत बायका पोरं उचलून रस्त्यावर आल्या, मग सैनिकांच्या गाड्या आल्या. तुझ्या गाई पुलापाशी व्यापाऱ्यांनी कवडीमोलानं उचलल्या. चार महिने डोंगर जिथल्या तिथं राहिला. शाळेच्या त्या फरशीवर ट्रान्सितोवहिनीची छाती भरली आणि ती गेली. मातीवर फुलं ठेवताना तू मला म्हणालास, "तुझ्या पातेल्यानं माझी बायको खाल्ली."

ते वाक्य मी रोज जपमाळेच्या शेवटी ऐकतो.

पुढच्या वर्षी केंद्राच्या रेबेका इंजिनियरबाई आल्या, आम्हा पहारेकऱ्यांना शाळेत बसवलं. सोड्याची बाटली हलवली आणि उघडली, सगळ्यांच्या अंगावर फेस. रिगोबेर्तो म्हणाला, "म्हणजे बाई, वर सोडा भरलाय? मग लिंबं घेऊन जाऊ का?"

"लिंबं तुम्हीच पिळा," बाई म्हणाल्या. "सोडा नाही. दाब सुटला की विरलेला वायू बुडबुडे होऊन वर येतो, फक्त एवढंच सारखं. तिथं उपमा संपली. बाटलीचं बूच कुणीतरी उघडतं, डोंगराचं तसं नाही. बाटली पाच मिनिटांत निवते, डोंगराचं तसंही नाही."

मग त्या म्हणाल्या, "उपमा वकील देतो, पाद्रीबाबा देतात, बाजारात मुळ्या विकणाराही देतो. त्यांना तुम्हाला कुठंतरी न्यायचं असतं. आम्हालाही ती लागते. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा विचार तिच्याशिवाय करताच येत नाही. पण आम्ही तिला विचारायचं, बाई गं, तू कुठपर्यंत सोबत येशील? आणि तिथून पुढं एकट्यानं जायचं."

सगळे उठले तेव्हा त्या माझ्यापाशी आल्या. "ओल्मेदोभाऊ, पातेलं तुम्ही बरोबर ऐकलं होतं. आमच्या यंत्रांनीही ते टिपलंय. झाकण तुम्ही पदरचं घातलंत."

दादा, एवढंच माझ्या बाजूचं. त्यानं वहिनी परत येत नाही हे मला कळतं.

लिडाला फोन कर.

ओल्मेदो


चिल्कापांबा, २० जुलै

दादा,

चौदा तारखेच्या सकाळपासून डोंगर गप्प आहे.

तू इथला आहेस, तुला कळेल. तिचा काहीतरी आवाज कायम चालू असतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, घरातल्या माणसाचा श्वास ऐकू येत नाही तसा. तो गेला तेव्हा मी कांद्यात वाकलो होतो. उभा राहिलो, टोपी काढली, कान चोळले. आपलेच कान गेले असं वाटलं. मग खालच्या वाडीतला कोंबडा आरवला आणि तो इतका जवळ वाटला की मी दचकून मागं पाहिलं.

गाव खुश आहे. राख नाही, धूर नाही. बायकांनी आठवड्याचे कपडे एका दिवसात वाळवले. रिगोबेर्तोनं वरच्या पट्टीत नांगर घातला. "म्हातारी जेवून झोपली," तो म्हणतो.

पाचला माझं नाव पुकारतात. मी म्हणतो, "चिल्कापांबा, विशेष काही नाही." सात दिवस हेच म्हणतो आहे. जे ऐकूच येत नाही ते कशासारखं आहे म्हणून सांगू?

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. रात्रभर ते पोटात ठेवून सकाळी चर्चमध्ये दिवा लावायला गेलो आणि मातेच्या चेहऱ्याकडे बघवेना.

लिडा मार्चमध्ये आली तेव्हा तिनं मला सरळ विचारलं होतं, "काका, वर राहणं बरं आहे का? तुम्ही पहारेकरी. तुम्ही सांगाल तसं करीन." मी म्हणालो, "खुशाल राहा. म्हातारी झोपली आहे." दुकानात तिनं मला हेच वाक्य परत ऐकवलं.

का म्हणालो? त्या वेळी डोंगर हंबरत होता. मी रोज ऐकत होतो. पण पातेल्यानंतर मी लहान उपमा वापरायला लागलो, दादा. तोफ ऐकली की दार आपटल्यासारखं म्हणायचं. हंबरणं ऐकलं की लॉरी. अकरा वर्षं. मला ती नम्रता वाटायची. आपण फार बोललो होतो, आता कमी बोलावं, देव बघतो आहे. आणि तुझी मुलगी तुझ्या घरात राहिली, त्या चुलीतून धूर निघाला, तर कधीतरी तूही येशील, दारात उभा राहशील, असं मनात होतं. तिला तिथं ठेवून मी तुझी वाट बघत होतो.

आता तिला खाली ये म्हणतो तर ती विचारते, "मार्चमध्ये गरजत होती तेव्हा राहा म्हणालात, आता गप्प आहे तर ये म्हणता. काका, काहीतरी एक धरा ना."

तिला माझा जुना संच दिला आहे. पाचला ऐकत जा म्हटलं. "ऐकते की. तुम्ही रोज म्हणता, विशेष काही नाही."

भीती वाटते रे.

ओल्मेदो


चिल्कापांबा, २६ जुलै, सकाळ

दादा,

काल जे झालं ते क्रमानं लिहितो. मग एक मागणं आहे.

पाचला रेबेकाबाई स्वतः बोलायला होत्या. मी म्हणालो, "चिल्कापांबा, विशेष काही नाही."

नेहमी "नोंद केली" म्हणून त्या पुढचं नाव पुकारतात. काल पुकारलं नाही. "ओल्मेदोभाऊ, तुमच्या बाजूचं आमचं यंत्र बंद पडलंय. माणूस पाठवायला चार दिवस लागतील. मला तुमचे कान हवेत. शांतता आहे हे कळलं. पण कशी? काम आटोपल्यावरची? झोपलेल्या माणसाची? दमलेल्याची?"

मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. समोर रिगोबेर्तो, त्याची बायको, चर्चमधल्या दोघी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता बोललो तर पुन्हा पातेलं.

मग तोंडातून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, याला देव साक्षी आहे.

मी म्हणालो, "बाई, आमच्या वडिलांकडे बैलांचा चाबूक होता. रागावले की ओरडायचे, भांडी फेकायचे. ते चालायचं. ओरडत होते तोवर आम्हाला भीती नव्हती. मग ते गप्प व्हायचे. चाबूक उचलायचे आणि हात वर तसाच ठेवून थांबायचे. किती वेळ थांबतील ते सांगता यायचं नाही. घरात चुलीचासुद्धा आवाज येत नसे. ही शांतता तसली आहे. काम आटोपल्याची नाही. उगारलेली आहे."

पलीकडे खरखर. मग बाई म्हणाल्या, "आणि ही उपमा कुठं संपते?"

मी विचार केला. म्हणालो, "वडील कधीकधी हात खाली घ्यायचे. ही घेईल का ते मला माहीत नाही. आणि मला भीती वाटते आहे. हे काही निरीक्षण नव्हे, पण लिहून घ्या."

"लिहिलं," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. रिगोबेर्तोनं खेचराची दोरी सोडली आणि उगाच परत बांधली. आपल्या घरातली गोष्ट मी अकरा वाड्यांना ऐकवली, याची लाज तेव्हा वाटली नाही. आता वाटते आहे.

ऊन असतानाच लिडा खाली आली. मूल पाठीशी, कोंबडी काखेत. दारात उभी राहून म्हणाली, "काका, संचावर कुणाबद्दल बोलत होता?"

"तुझ्या आजोबांबद्दल. तू त्यांना पाहिलेलं नाहीस."

"त्यांना नाही पाहिलं," ती म्हणाली. "ते थांबणं पाहिलंय."

तिनं सातूचं पीठ दुधात कालवून मुलीला भरवलं. भरवता भरवता सांगत गेली, माझ्याकडे न बघता. आई असताना वरच्या घरात. आई गेल्यावर माचालात. हात वर थांबला की ती मनातल्या मनात आकडे मोजायची, म्हणाली, कधी सातापर्यंत, एकदा चाळीसपर्यंत. मोठी झाल्यावर ते कमी झालं आणि तिला वाटलं संपलं. फेब्रुवारीत बाळ रडायचं थांबेना. तू पाळण्यापाशी गेलास. हात वर नेलास आणि थांबलास. मारलं नाहीस, हेही तिनं सांगितलं, दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली.

"ज्या घरात तुला मारलं त्याच घरात येऊन राहिलीस?" मी विचारलं.

"ते माझ्या आईचंही घर आहे," ती म्हणाली. "आणि तिथं मला शोधायला बाबा येणार नाहीत असं वाटलं. तुमच्यावर राग आहे ना त्यांचा."

दादा, वडील चाबूक उचलून थांबले की तू माझ्या पुढं येऊन उभा राहायचास. तू नऊ वर्षांचा, मी सहा. तुझ्या पाठीवरचे वळ मी मोजलेले आहेत. म्हणून मी खात्रीनं समजत होतो की ज्यानं ते अंगावर घेतलं त्याच्या हातात ते उतरणार नाही. मी लग्न का केलं नाही असं आई मरेपर्यंत विचारायची. देवाचं काम करतो म्हणायचो. खरं असं की मला माझ्या उजव्या हाताची भीती वाटायची. पाठीवर घेणारा तू, आणि घाबरून दूर राहिलो मी. देवानं हे असं का वाटून दिलं ते मला उमगत नाही.

मागणं असं. मी तुला दोन पत्रांत फोन कर म्हणून लिहिलं, तिसऱ्यात माझी चूक कबूल केली. आता लिहितो, फोन करू नकोस.

ओल्मेदो


चिल्कापांबा, १ ऑगस्ट

दादा,

माझं पत्र पोचायच्या आतच तू फोन केलास.

रविवारी झोइलाबाई रस्त्यावरूनच ओरडत आली, "अगं लिडा, चल चल, माचालाहून तुझे बाबा! किती वर्षांनी गं!" तिला काय ठाऊक. लिडाचं तोंड पांढरं पडलं. "मी इथं आहे हे त्यांना कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. मी खाली बघितलं. तिनं मूल पाठीशी बांधलं, कोंबडी तिथंच सोडली आणि वरच्या वाटेला लागली. डोंगराच्या तोंडाशी. फोनपेक्षा तिला तो बरा वाटला.

तिला वाचवायला मी जी पत्रं लिहिली ती तिला पुन्हा वर घेऊन चालली होती.

मी आधी दुकानात गेलो. रिसीव्हर कानाला लावला. तू "हॅलो" म्हणालास. आवाज वडिलांचा झाला आहे तुझा. मी म्हणालो, "दादा, ती इथं नाही. निघून गेली. कुठं ते माहीत नाही." जन्मात मी इतकं खोटं कधी बोललो नव्हतो. पुढं तू काही बोलला नाहीस. मी तुझा श्वास ऐकत उभा राहिलो आणि, खरं लिहितो, मनात आकडे मोजायला लागलो. एकोणीसला तू म्हणालास, "मी येतो." आणि ठेवलास.

मी पळत सुटलो. या वयात तो चढ पळून चढलो. ती कुंपणापाशी गाठली. मी काही समजूत घातली नाही, हात जोडले. म्हणालो, "चुकलो. पत्रं मी लिहिली. आता पुन्हा एक अक्षर तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. खोलीला आतून कडी आहे. किल्ली तुझ्याकडे. मी चर्चच्या पडवीत झोपेन. पण इथं नको." तिनं डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुणाला जास्त भ्यायचं ते ठरवत असावी. मग म्हणाली, "गिनीपिगांना कोण घालील खायला?"

"मी."

ती खाली आली. हे पत्र तिला विचारूनच लिहितो आहे.

आज सात दिवस झाले मी ते बोललो त्याला. काही झालेलं नाही. आभाळ स्वच्छ. केंद्रानं वरच्या तिन्ही घरांना उतरायला सांगितलं आहे, गावाला सावध राहायला. गावातल्या चार घरांनी सामान बांधलं, दोघांनी परत सोडलं. रिगोबेर्तो गप्प होता तो पुन्हा बोलायला लागला. "चाबूकराव, हात दुखला असेल हो तिचा एव्हाना!" लोक हसले. मला पातेल्याच्या वेळेसारखाच घाम फुटला.

आणि एक गोष्ट तुलाच सांगतो, पाद्रीबाबांनाही अजून सांगितलेली नाही. काल माता मारियापुढं गुडघ्यावर होतो. ओठांनी नेहमीची प्रार्थना चालू होती, गावाला सांभाळ, लेकरांना सांभाळ. मध्येच कळलं की आतून मी दुसरंच मागतो आहे. मी मागत होतो की डोंगरानं फुटावं. मी खरा ठरावा. आणि रस्ता बंद व्हावा, म्हणजे तू येणार नाहीस. उठलो आणि थंड पाण्यानं तोंड धुतलं. चाबूक उचलणारा माणूस आतून असाच असतो का, असं विचारत बसलो. उपमा इथंही कुठंतरी संपत असेल. कुठं, ते मला सापडलं नाही.

येऊ नकोस, दादा.

ओल्मेदो


१० ऑगस्ट

दादा,

गावाचं नाव वर लिहिलेलं नाही ते बघितलं असशील. आम्ही जिथं आहोत ते लिहीत नाही. डोंगराचं तुला रेडिओवर कळलं असेल. तू पुलापर्यंत येऊन परत गेलास, असं दुधाच्या गाडीवाल्याकडून समजलं. तू तिथं दोन तास बसून होतास, म्हणाला, आणि त्याला विचारत होतास की वरच्या घरातल्या बाईला आणि बाळाला कुणी पाहिलं का. तो मला ओळखतो, त्यानं काही सांगितलं नाही. तुझं विचारणं मला समजलं. दोघी जिवंत आहेत. एवढं तुला कळायला हवं, असं लिडाच म्हणाली.

दोन तारखेला आम्ही दोघांनी तीन खेपा करून गिनीपिग खाली आणले, कांद्याच्या पोत्यांत. एकोणीस होते. रिगोबेर्तो पायवाटेवर कमरेवर हात ठेवून उभा. "वा! चाबूकरावांनी उंदरांची वरात काढली!" मग दुसऱ्या खेपेला न बोलता खेचर घेऊन आला आणि तिसऱ्या खेपेनंतर स्वतःच्या म्हाताऱ्या सासूला त्याच खेचरावर बसवून खाली घेऊन गेला. "उगाच आपलं," म्हणाला. "तिला बाजार बघायचाय."

तीन तारखेला गुरुवारी, दुपारी अडीचला. मी संचापाशीच होतो. आवाजाआधी जमीन हलली, मग खिडकीची काच आत आली. मी बटण दाबलं. रोज संध्याकाळी कशासारखं ते सांगणारा माणूस मी. त्या वेळी एवढंच म्हणालो, "आली." तेच तीनदा. रेबेकाबाई म्हणाल्या, "कळलं, ओल्मेदोभाऊ, निघा." मी चर्चची घंटा ओढली, रिगोबेर्तो दारं ठोकत गेला. अंधार झाला, भर दुपारी. गरम खडे पडत होते, बायकांनी डोक्यावर पातेली घेतली होती. लिडा ट्रकच्या मागच्या फळीवर बसली होती, मुलीला अंगावरच्या पोंचोच्या आत घेऊन, आणि मोठ्यानं आकडे मोजत होती. मी वर चढलो तेव्हा दोनशे अकरावर होती. थांबली नाही. पुलाच्या पलीकडे गेल्यावर थांबली.

आपलं कुणी गेलं नाही. आठव्या दिवशी केंद्राच्या माणसांबरोबर मी वर जाऊन आलो. घळ राहिलेली नाही.

परत आल्यावर लिडाला विचारलं, तुझ्या बाबांना काही लिहू का. तिनं हातातला कपडा पिळून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "लिहा, घर गेलं."

आणखी काही, मी विचारलं. कसं गेलं, काय दिसत होतं, लिहू का?

"नको. नुसतं गेलं म्हणून लिहा. कशासारखं ते नका लिहू."

घर गेलं, दादा.

ओल्मेदो